कारण थोडक्यात लिहा

घरात मला खिडकी म्हणतात. हे नाव आत्याने ठेवलं. चौकशीची खिडकी असते ना, ती. लहानपणी म्हणे मी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचे, "नवा कोट कशाला? जुन्याला काय झालं?" एका गृहस्थाने सांगितलं, बायको गेली, तिच्या मागे माझं वजन उतरलं, जुना कोट अंगावर लोंबतो. तेव्हापासून बाबांनी मला दुकानात तोंड उघडायला बंदी केली. ती चार दिवस टिकली.

बाबा शिंपी आहेत. कोट आणि पँट, बाकी काही शिवत नाहीत. आत्या काजं-बटणं करते आणि बाबांना बोलणी ऐकवते. आई मला आठवत नाही, त्यामुळे घर म्हणजे आम्ही तिघं, पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या. विद्यापीठात गेलेली आमच्यात मी पहिली. विषय संख्याशास्त्र. आत्या गिऱ्हाइकांना सांगते, "आमची मुलगी मोजायचं शिकते." बाबा टेप गळ्यात घालत म्हणतात, "मग मी काय करतो?"

तर अशा मला विद्यापीठाचं पत्र आलं. सलग दोन सत्रांत अनुत्तीर्ण झाल्यामुळे आपला प्रवेश रद्द का करण्यात येऊ नये, याचा खुलासा बारा दिवसांत करावा. सोबत एक फॉर्म. फॉर्मवर नाव, क्रमांक, पालकांची सही, आणि मधोमध एक ओळ: अनुत्तीर्ण होण्याचे कारण (थोडक्यात लिहा). खाली तीन रेघा.

त्या तीन रेघांनी माझी झोप उडवली. पहिल्या सत्रात तीन विषय गेले होते, दुसऱ्यात चार. म्हणजे सुधारणा उलट्या दिशेने. समितीने अर्ज मानला तर आणखी एक सत्र मिळणार होतं. नाही मानला तर दप्तर बांधा आणि घरी बसा, संपलं. आणि मला खरंच माहीत नव्हतं मी का नापास झाले ते.

कारणं द्यायला सगळे तयार होते. आत्या म्हणाली, "लिही, डोकं दुखतं. डोकं कुणाला उघडून बघता येतंय?" वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, "आजोबा मार. सगळे मारतात." माझे आजोबा मी जन्मायच्या आधीच गेलेले, मेलेल्या माणसाला फॉर्मसाठी पुन्हा मारायचं जिवावर आलं. बाबांनी एकदाच विचारलं, कात्री चालवता चालवता, मान खाली घालून.

"अभ्यास केला नव्हतास?"

"केला होता."

"मग?"

"माहीत नाही."

"हं," म्हणाले आणि कापड फिरवून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं. नापास झाल्याचं दुःख होतं मला, नाही कशाला म्हणू, पण त्याहून जास्त संताप होता. सगळ्या जगाला प्रश्न विचारत फिरणारी मी, आणि माझ्याच बाबतीत मला उत्तर येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी परीक्षा विभागात जाऊन उभी राहिले. खिडकीवर एक बाई बसतात. चष्मा साखळीला, समोर ओला स्पंज, आणि येणाऱ्याकडे न बघता हात पुढे. हातात फॉर्म पडला की मगच वर बघतात. मी रिकामा हात दाखवला.

"मला माझ्या उत्तरपत्रिका बघायच्या आहेत."

"फेरतपासणीची मुदत गेली."

"फेरतपासणी नकोय. नुसत्या बघायच्यात."

"मार्क वाढत नाहीत नुसतं बघून."

"ते माहिताय हो मला. मी काय लिहिलं ते बघायचंय."

आता त्यांनी चष्मा लावला. "तुम्हीच लिहिलंय ना? मग तुम्हाला माहीत नाही?"

"नाही ना, बाई! तीच तर पंचाईत आहे."

त्या हसल्या नाहीत, पण नियमांचं पुस्तक मात्र काढलं. त्यांची अठरा वर्षं त्या खिडकीत गेली होती आणि मार्क मागितल्याशिवाय पेपर बघायला कुणी आलं नव्हतं, असं त्या पानं उलटताना स्वतःशीच म्हणाल्या. नियम सापडला. विद्यार्थ्यास आपली उत्तरपत्रिका कार्यालयीन वेळेत, कर्मचाऱ्याच्या उपस्थितीत पाहता येईल. "म्हणजे माझ्या उपस्थितीत," बाई म्हणाल्या. "गुरुवारी अकराला या. पेन आणायचं नाही."

गुरुवारी त्यांनी मला आत घेतलं. रॅकमधली एक चिंचोळी जागा, तिथे एक टेबल, आणि टेबलावर माझे सात पेपर दोऱ्याने बांधलेले. बाई समोर खुर्ची ओढून बसल्या. कर्मचाऱ्याची उपस्थिती म्हणून बसल्या खऱ्या, पण पाच मिनिटांत त्यांची मान माझ्याबरोबर फिरायला लागली.

पहिला पेपर उघडला. सहा प्रश्न सोडवायचे, तीन तास. मी तीन सोडवले होते. तिन्ही स्वच्छ, सुबक, समास सोडून, उत्तराखाली दोन रेघा. तिन्हींना जवळपास पूर्ण मार्क, पण पास व्हायला निम्मे लागतात आणि ते थोडक्यात हुकलेले. त्यानंतर काही नाही. दुसरा पेपर: तीन प्रश्न, चौथ्याची नुसती पहिली ओळ. तिसरा: तीन. सातही पेपरांची तीच कथा.

"हुशार दिसता की," बाई म्हणाल्या. "पुढचे का नाही लिहिले?"

"वेळ पुरला नाही."

"तीन तासांत तीन? झोपला होतात?"

मला राग आला, पण प्रश्न बरोबर होता. मी पहिल्याच पेपरची पानं उलटत गेले. कोरी पानं, कोरी पानं, आणि मग अगदी शेवटी, मागच्या बाजूने, गच्च भरलेली दहा पानं. सगळी खोडलेली. प्रत्येक पानावर वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत एकच तिरपी रेघ, आखल्यासारखी सरळ.

"अगं बाई," त्या पुढे वाकल्या. "हे कुणी खोडलं?"

क्षणभर मलाही तसंच वाटलं. कुणीतरी दुष्टपणे येऊन माझी पानं खोडून गेलं. तोंडात शिवी आली होती, खरं सांगते. मग शाई बघितली. माझीच.

मी खोडलेलं वाचायला लागले. पहिला प्रश्न, दुसरा, तिसरा, ते पुढे स्वच्छ उतरवलेले होते. पण इथे चौथाही होता. पाचवा होता. सहावासुद्धा होता. सहाच्या सहा! घाईत लिहिलेले, मध्ये एखादी आकडेमोड चुकून शेजारी दुरुस्त केलेली, पण उत्तरापर्यंत पोचलेले. बाईंनी खालच्या खणातून आदर्श उत्तरांची प्रत काढली. ती दाखवायची परवानगी नियमात आहे की नाही हे त्यांनी पुस्तकात बघितलं नाही. आम्ही दोघी बोट ठेवून ताडत गेलो. चौथा बरोबर. पाचवा बरोबर. सहाव्यात शेवटची पायरी चुकलेली, बाकी बरोबर. उरलेल्या सहा पेपरांतही मागे हेच.

"मग तपासणाऱ्यांनी मार्क का नाही दिले?" माझा आवाज चढला.

बाईंनी पेपर उलटा करून पहिलं पान माझ्यासमोर धरलं. सूचना क्रमांक सात: खोडलेला मजकूर तपासला जाणार नाही.

"तुम्ही खोडलं का पण?" त्यांनी विचारलं. आवाजात ओरडा नव्हता, निव्वळ कुतूहल होतं.

मला सांगता येईना. दहा मिनिटं आधीची इशाऱ्याची घंटा होते, तेव्हा मी मागची पानं काढते आणि रेघ मारते, एवढं आठवत होतं. का, ते नाही. केस विंचरताना भांग कुठल्या हाताने पाडता, असं कुणी विचारलं तर जसं होईल तसं झालं.

उत्तर घरी मिळालं, तेही फुकट. त्याच संध्याकाळी बाबा एका कोटाचा कच्चा टाका काढत बसले होते. कोट असा होतो: आधी अख्खा कोट पांढऱ्या दोऱ्याने, मोठ्या मोठ्या टाक्यांनी, कच्चा उभा करायचा. बाह्या, कॉलर, खिसे, सगळं. मग गिऱ्हाइकाच्या अंगावर बघायचा, खुणा करायच्या, आणि मग मशीनवर पक्की शिलाई. शेवटी पांढरा दोरा ओढून काढायचा, एक धागा राहता कामा नये. शाळेपासून हे काम माझं. दप्तर टेकवायचं, चिमटा घ्यायचा, आणि पांढरे दोरे वेचायचे.

"बाबा, एखादा धागा राहिला तर काय होतं?"

"आली खिडकी," आत्या काजावरून मान न काढता म्हणाली.

"गिऱ्हाइकाला कच्चा टाका दिसला," बाबा म्हणाले, "की त्याला वाटतं, कोटच कच्चा. तीन दिवसांची मेहनत पाण्यात."

मी मटकन खाली बसले. आत्या घाबरली, तिला वाटलं मला घेरी आली. घेरी कसली! मी तीन तासांच्या पेपरात सहा प्रश्नांचा अख्खा कोट आधी कच्चा उभा करत होते. त्यात निम्मा वेळ जायचा. मग एकेक प्रश्न पक्का शिवायला घ्यायचे. तीन होईपर्यंत घंटा. आणि घंटा झाली की गिऱ्हाईक यायच्या आत सगळे पांढरे दोरे ओढून काढायचे, ज्या बाह्या अजून जोडल्याच नव्हत्या त्यांचेसुद्धा. शाळेत प्रश्न थोडे असायचे, वेळ उरायचा, बाई माझा पेपर वर्गात फिरवायच्या: बघा, याला म्हणतात नीटनेटकेपणा. त्या नीटनेटकेपणाने माझा सात वेळा गळा कापला होता.

आधी मी खो खो हसले. मग रडले. आत्याने विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही, दोरा तुटला." बाबांना सांगायचं धाडस झालं नाही. त्यांना काय सांगू, तुमची शिकवण मला महागात पडली? फॉर्मवर त्यांची सही घेतली तेव्हा त्या तीन रेघा कोऱ्याच होत्या. समितीपुढे तोंडी सांगेन म्हटलं. त्यांनी न वाचता सही केली, वळणदार आणि हळू.

सुनावणीला पालकांनी यायचं होतं. बाबांनी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं, स्वतःचा राखी कोट घातला, आणि विद्यापीठाच्या आवारात शिरल्यापासून लोकांचे कोट बघत चालले. "खांदा उतरलाय," पुटपुटले एका प्राध्यापकांकडे बघून. मी म्हटलं, "बाबा, तोंड बंद." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असं म्हटलं होतं आणि ते चक्क गप्प बसले. त्यांना बाहेर बाकावर बसवून मी आत गेले.

समितीत तिघं. मधोमध गणिताच्या बाई, वयस्क, पांढरे केस बारीक कापलेले. त्या अध्यक्ष. उजवीकडे एक सर, पुढ्यात फायलींचा ढीग. डावीकडचे तिसरे सर बहुधा माझ्या आधीच्या सतरा अर्जांनी थकले होते; ते डोळे मिटून बसले होते. खिडकीवरच्या बाई कोपऱ्यात नोंदी घ्यायला बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे ओळख न दाखवता बघितलं, पण माझे सातही पेपर टेबलावर आणून ठेवलेले होते.

मी सगळं सांगितलं. कोट, पांढरा दोरा, घंटा, रेघ. अध्यक्षबाई ऐकता ऐकता पेपर उलटा करून मागची पानं वाचायला लागल्या. मध्येच म्हणाल्या, "ही पायरी छान घेतलीय," आणि पुन्हा वाचत राहिल्या. पेपर त्यांच्या हातात होता आणि माझे कान तापले. जे कुणाला दिसू नये म्हणून मी खोडलं होतं ते त्या चवीने वाचत होत्या.

फायलीवाले सर मात्र खूश झाले. "म्हणजे घरच्या व्यवसायाचा परिणाम. बसलं की मग! हे बघा, आमच्याकडे तीन रकाने आहेत. आजारपण, घरातील मृत्यू, घरची परिस्थिती. तिसऱ्यावर खूण करतो, काम झालं."

माणूस भला होता. मदतच करत होता.

"पण सर, घरची परिस्थिती चांगली आहे."

"अगं बाळ, तो नुसता रकाना आहे."

"त्या रकान्यात माझे बाबा येतात. त्यांनी कोट शिवायला शिकवलं. कोट त्यांचे बरोबरच आहेत. पेपरला कोट समजले ती मी."

"मग लिहू काय?"

"माझी चूक."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "स्वतःच्या चुकीला पुनर्विचार नाही. नियमच आहे तसा. चूक लिहिलं तर अर्ज बसत नाही."

"नाही बसत तर नका बसवू!" बोलून गेले. माझी जीभ, दुसरं काय. तिसरे सर जागे झाले.

अध्यक्षबाईंनी पेपर बंद केला नाही. "बाहेर बसा," म्हणाल्या. "बोलावू."

बाहेर आले तर बाबा बाकाच्या कडेला बसलेले, हात गुडघ्यांवर. दार नुसतं लोटलेलं होतं, आणि हळू बोलायची कला मला देवाने दिलेली नाही. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चेहऱ्यावरून कळलं.

"भरायचा होता तो रकाना," बाबा म्हणाले. "माझं काय जात होतं?"

"खोटं का लिहू?"

"वर्ष वाचलं असतं तुझं."

"वाचेल नाहीतर जाईल." म्हटलं खरं, पण जाईल असंच वाटत होतं. मला तिथे राहायचं होतं. मला ते विचित्र वक्र आवडत होते, शंभर माणसं मोजून लाख माणसांबद्दल काहीतरी बोलता येतं हे आवडत होतं. मी बाबांच्या खांद्याला टेकले. कोटाला इस्त्रीचा वास होता.

त्यांनी कोटाची बाही सारखी केली. मग म्हणाले, "आमची परिस्थिती बरी होती."

"अं?"

"आमची. मी शाळा सोडली तेव्हा."

आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. बाबा नववीत होते, आजोबांचे, म्हणजे अण्णांचे, डोळे अधू झाले, परिस्थितीमुळे शाळा सुटली आणि मशीन हातात आलं. आत्या सांगते, गिऱ्हाइकं सांगतात, मी निबंधात लिहिली होती, बक्षीससुद्धा मिळालं होतं.

"अण्णांचे डोळे गेले ते नंतर. चार वर्षांनी," बाबा समोरच्या भिंतीला सांगत होते. "मी गणितात नापास झालो. दोनदा. दुसऱ्यांदा झालो आणि घरी येऊन मशीनवर बसलो ते उठलोच नाही. लोक विचारायचे, का रे सोडलीस? कुणीतरी आपणहून म्हणालं, परिस्थिती असेल. मी हो म्हटलं. ते सोपं होतं."

"आत्याला माहिताय?"

"कुणालाच नाही. तुझ्या आईलासुद्धा नव्हतं."

दुसरी एखादी मुलगी असती तर तिने त्यांचा हात हातात घेतला असता. माझ्या तोंडून निघालं, "कुठलं गणित?"

बाबांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि हसले, असे की मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. "टाकीचं," म्हणाले. शब्दन् शब्द आठवत होता. एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा चार तासांत भरतो, आणि खालचा नळ भरलेली टाकी बारा तासांत रिकामी करतो. तिन्ही उघडले तर टाकी किती वेळात भरेल? "मी मास्तरांना विचारलं, खालचा नळ आधी बंद का करत नाहीत? सगळा वर्ग हसला. मग पुढे मी काही विचारलं नाही."

"बरोबर विचारलंत की! कोण मूर्ख खालचा नळ उघडा ठेवेल?"

"तेच म्हणतो मी."

मी पिशवीतून वही काढली, कोरं पान उघडलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं. "करा."

"आता? इथे?"

"इथे काय काम आहे आपल्याला दुसरं?"

त्यांनी पेन खडूसारखं आडवं धरलं. सहा लिहिले, चार लिहिले, बेरीज केली, त्यातून बारा वजा करायला गेले आणि थांबले. दहातून बारा जाईनात. पेन वर गेलं, रेघ मारायला. मी त्यांचं मनगट धरलं.

"असू दे, बाबा. मला बघायचंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या चुकलेल्या बेरजेकडे. खोडलं नाही. खाली दुसरी ओळ सुरू केली. "टाकी बारा वार धरू," पुटपुटले. "एक नळ तासाला किती वार टाकतो, ते बघू." कपाळावर आठ्या, ओठ हलत होते, आणि हातातलं पेन हळूहळू सरळ झालं होतं.

दार उघडलं. खिडकीवरच्या बाई बाहेर आल्या, साखळीचा चष्मा सावरत, आणि माझ्या कानाशी वाकल्या. "दिलं एक सत्र. चौथा रकाना आखला मॅडमनी, हातानेच: स्वतःची चूक. राहिलेले सातही विषय काढावे लागतील मात्र. चला, आत सही करायचीय."

पुढचं सांगून टाकते: सातही काढले. प्रश्न सरळ पुढच्या पानावर लिहिले, चुकले तिथे चुकले, आणि इशाऱ्याची घंटा झाली की दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. सहा विषय बरे गेले, सातव्यात पास होण्यापेक्षा एकच मार्क जास्त मिळाला, तोही अर्धवट सोडलेल्या प्रश्नाचा. पण ते सगळं नंतर. त्या बाकावर मी बाईंचं बोलणं ऐकलं आणि मला ओरडावंसं वाटलं.

"बाबा, मिळालं! चला, आत बोलावलंय."

बाबांनी मान वर केली नाही. डावा हात तेवढा उचलला.

"दोन मिनिटं थांबा म्हणावं त्यांना," म्हणाले. "येतंय."